शेवटच्या प्रसंगातला नोकर

सत्य एकच असतं आणि ते बघायला दोन डोळे पुरतात, असं माझं ठाम मत होतं. नुसतं मत नव्हे. एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख कक्षात काढताना हे वाक्य मी तीन ओळींत, सुवाच्य अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचावं, अंतर्मुख व्हावं आणि जमल्यास फाइल न मागता परत जावं, अशी त्यामागची योजना होती. निवृत्तीच्या दिवशी कागद घरी न्यायला काढला, तर वर्षानुवर्षं चहा सांडून तो काचेला असा चिकटला होता की डावीकडचा अर्धा भाग काचेलाच राहिला आणि माझ्या हातात नुसतं 'असतं, बघायला, पुरतात' एवढंच आलं. मी तेवढंच चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं. बायको म्हणाली, "काय असतं? काय पुरतं?" मी म्हणालो, "ज्याला कळायचं त्याला कळतं." ती म्हणाली, "मला भिंतीवरचा खिळा कळतो. कपडे वाळत घालायला तो बरा होता."

तर त्या उरल्यासुरल्या मताची ज्याने वाट लावली, तो एका सिनेमातला नोकर होता.

हा सिनेमा माझ्याकडे कॅसेटवर आहे. एकवीस वर्षांत मी तो चाळीस वेळा तरी पाहिला असेन. गोष्ट साधी आहे. मोठं घर, दोन भाऊ, एक बहीण, आणि त्या तिघांना लहानाचं मोठं केलेला म्हातारा नोकर. घरातलं आईचं घड्याळ हरवतं, थोरला भाऊ नोकरावर आळ घेतो. नोकर एक शब्द बोलत नाही. छत्री काखेत मारतो आणि भर पावसात निघून जातो. पुढे घड्याळ सापडतं, भावाभावांचं भांडण मिटतं, आणि शेवटच्या प्रसंगात सगळे लांबलचक टेबलाशी जेवायला बसलेले असताना अचानक थांबतात आणि डावीकडे बघतात. डावीकडे काहीही नसतं. थोरला भाऊ उठतो, एक खुर्ची मागे ओढतो. उजव्या कडेला बहिणीचं नुसतं नाक दिसतं आणि ते थरथरत असतं. समाप्त.

ह्या प्रसंगावर मी किती चिंतन केलं आहे ते आमच्या इमारतीत कोणालाही विचारा. विचारल्याबरोबर तो जिन्याने खाली पळेल. ते सगळे नियतीकडे बघतात, असा माझा सिद्धान्त होता. रिकामी खुर्ची म्हणजे पश्चात्ताप. दिग्दर्शकाने बहिणीचं फक्त नाक दाखवलं, कारण अर्ध्या माणसाचं दुःख पूर्ण माणसापेक्षा मोठं असतं. 'न परतलेला माणूस: एक चिंतन' ह्या विषयावर मी इमारतीच्या तळमजल्यावर व्याख्यानही दिलं होतं. अकरा श्रोते होते. त्यातले चार पाण्याच्या टाकीच्या बैठकीसाठी आले होते, पण ते शेवटपर्यंत बसले, कारण टाकीची बैठक माझ्यानंतर होती.

आता मुलीच्या लग्नाकडे येतो. आमच्या लेकीने आणि तिच्या कचेरीतल्या एका मुलाने आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आईबापांनी फक्त एकदा भेटायचं, चहा प्यायचा आणि तारीख काढायची, एवढंच काम आमच्याकडे सोपवलेलं होतं. इतक्या सोप्या कामात माती कशी खाता येते, हे विचारायला लेक अजूनही अधूनमधून मला भेटते.

मुलाचे वडील जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना घरात आधीपासूनच मोजणीसाहेब म्हणत होतो. दारातून आत आले, चप्पल काढायच्या आधी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "साडेदहा बाय अकरा."

"घराच्या कागदावर बारा आहे," मी म्हणालो.

"कागदावर असेल," ते म्हणाले आणि बसले.

त्यांच्या बायकोने मांडीवर पर्स धरली, हसून मान हलवली आणि पुढचा तासभर तेवढंच केलं. मुलगा आणि आमची लेक परीक्षेच्या निकालाला बसावं तसे सोफ्याच्या कडेला बसले. हवेवर बोलून झालं, गुडघ्यांवर बोलून झालं. माझे दोन्ही दुखतात, त्यांचा एकच, त्यामुळे त्यात मी पुढे होतो. मग विषय संपले. चहाचा पहिला घोट घेऊन मोजणीसाहेब सहज म्हणाले, हल्लीच्या सिनेमांत काही राम नाही. त्यांनी आयुष्यात एकच खरा सिनेमा पाहिला. आणि त्यांनी नाव घेतलं ते माझ्या सिनेमाचं!

मला भरून आलं. मी उठून त्यांचा हात हातात घेतला. लेकीने मुलाकडे पाहिलं, मुलाने लेकीकडे. बायकोने बिस्किटांची दुसरी बशी आणली. ही बशी आमच्या घरात मंजुरीची खूण आहे.

"आणि तो नोकर!" मोजणीसाहेब डोळे मिटून म्हणाले. "शेवटी दारात उभा राहतो. छत्री काखेत. अंगावरून पाणी निथळतंय. अहाहा."

"कोण उभा राहतो?" मी म्हणालो.

"नोकर."

"कुठल्या सिनेमातला?"

"ह्याच सिनेमातला. शेवटच्या प्रसंगात."

"साहेब, नोकर जातो तो जातोच. परत येत नाही. तोच तर सिनेमा आहे."

"परत येतो. तोच तर सिनेमा आहे."

"मी चाळीस वेळा पाहिलाय."

"मी एकदाच पाहिलाय. थिएटरात. पण मी बघायला शिकलेला माणूस आहे. एकोणतीस वर्षं लोकांच्या हद्दी पाहिल्यात."

"आणि मी एकतीस वर्षं कागद सांभाळलेत. माझ्या हातून एकही कागद हरवला नाही."

"नुसते सापडले नाहीत," कपबशा उचलत बायको म्हणाली. स्वतःच्या माणसाच्या बाजूने बोलताना नेमकं कोणत्या बाजूने बोलावं, हा तिचा नेहमीचा घोटाळा.

इथे मी थांबायला हवं होतं. पण पाहुण्यांसमोर शोभा झाली होती, आणि दुखावलेला माणूस फार झकास वाक्यं बोलून जातो. मी म्हणालो, "असं होतं साहेब. वय झालं की माणसाला नसलेली माणसं दिसायला लागतात."

मोजणीसाहेबांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. अर्धं खाल्लेलं. मला त्या अर्ध्या बिस्किटाची आजही भीती वाटते.

दारात चपला घालताना त्यांचा मुलगा कसाबसा म्हणाला, "बाबा, तारखेचं?"

"बघू," मोजणीसाहेब म्हणाले.

हा शब्द मी कचेरीत एकतीस वर्षं रोज वापरला आहे. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नाही.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी ते परत येतील. मी त्याच्याकडून वचन घेतलंय. तो म्हणाला, त्याचे बाबा हद्दीच्या बाबतीत हलत नाहीत. मी म्हटलं, माझे कुठल्याच बाबतीत हलत नाहीत. तेव्हा आठ दिवसांत हे मिटवा. तो नोकर आला काय, गेला काय, मला लग्न करायचंय."

मिटवायचं म्हणजे सिद्ध करायचं, असा मी त्याचा अर्थ घेतला. त्याच संध्याकाळी कॅसेट लावली. सगळे थांबले, डावीकडे बघितलं, खुर्ची ओढली, नाक थरथरलं. नोकर नाही. "बघ!" मी बायकोला म्हणालो.

"बघतेय," ती म्हणाली. "हे सगळे काय बघतायत?"

"नियतीकडे बघतायत."

"आणि तो खुर्ची कोणासाठी ओढतोय? नियतीला बसायला?"

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिली. चाळीस वेळा न आलेला संशय एकेचाळिसाव्या वेळी आला.

इमारतीत अशी गोष्ट लपत नाही. सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ उतरून आले. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण पोस्टमनसुद्धा त्यांना ह्याच नावाने ओळखतो. त्यांनी सगळा प्रसंग ऐकून घेतला, दोनदा हं म्हणाले आणि विचारलं, "तुम्ही टीव्ही बघता कुठून?"

"समोरून."

"चुकलंच. खिडकीतून डावीकडचं काही बघायचं असेल तर आपण काय करतो? उजवीकडे सरकतो. बरोबर? मग टीव्हीला वेगळा न्याय का?"

ह्या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे हे मला जाणवत होतं, पण ती सापडेना. आणि खोट सापडत नसेल तर प्रस्ताव मान्य करायचा, ही कचेरीची शिस्त. शेवटचा प्रसंग लावला, टीव्हीच्या उजव्या अंगाला गेलो, गुडघे टेकले आणि काचेला गाल लावून डावीकडे तिरकं बघू लागलो. गालाचे केस काचेकडे ताठ उभे राहिले. सर्वज्ञ मागून म्हणाले, "आणखी आत. आणखी." नेमका त्या वेळी मुलगा, म्हणजे भावी जावई, लेकीला न्यायला आला आणि दारात थबकला.

"काका," तो फार आदराने म्हणाला, "काही पडलंय का?"

"नोकर शोधतोय," मी काचेवरून गाल न काढता म्हणालो.

हे त्याने घरी जाऊन सांगितलं नाही. मुलगा सोन्यासारखा आहे हे मला तेव्हाच कळलं.

मंगळवारी टीव्ही दुरुस्तीवाला बोलावला. त्याने ऐकल्याबरोबर मान डोलावली. "दिसणार कसा? प्रत्येक टीव्ही कडेचं चित्र थोडं खातो. डब्याच्या आत जातं ते."

"किती खातो?"

"भूक असेल तसं." त्याने मागचं झाकण काढलं, आत हात घालून एक स्क्रू फिरवला आणि चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसलं. उजवीकडे बहिणीच्या नाकाला थोडा गाल आला. आणि डावीकडे, बोटभर नव्याने उगवलेल्या जागेत, एक काळं टोक दिसलं.

"छत्री," बायको म्हणाली.

"दाराची कडी," मी म्हणालो.

"कडीतून पाणी ठिबकतं का साहेब?" दुरुस्तीवाला म्हणाला.

स्क्रू काही केल्या परत फिरला नाही. तेव्हापासून आमच्या टीव्हीवर सगळी माणसं उंच आणि बारीक झाली आहेत. बातम्या देणाऱ्या बाईंनी काय खाणं सोडलं म्हणून बायको मुद्दाम बातम्या बघते.

आता मात्र मी हादरलो होतो. बुधवारी कॅसेटच्या खोक्यावरचा नंबर शोधून कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला. तिकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याच जातकुळीतल्या. म्हणजे समोर छापील तक्ता घेऊन बसलेल्या.

"कॅसेट चालत नाही का?"

"चालते."

"चित्र दिसतं?"

"दिसतं."

"आवाज येतो?"

"येतो. पण शेवटच्या प्रसंगात नोकर दिसत नाही."

कागद उलटल्याचा आवाज आला. "आमच्याकडे दोनच रकाने आहेत. चित्र आणि आवाज. ह्यातला नोकर कशात धरू?"

"चित्रात धरा."

"चित्र दिसतं म्हणालात."

"बाई, माणूस असा रकानाच नाही?"

"नाही."

रकाना नसेल तर तक्रार नसते, हे मी स्वतः शेकडो लोकांना खिडकीच्या आतून समजावून सांगितलं आहे आणि ते लोक गप्प का होतात हे मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. मी गप्प झालो. बहुधा त्या शांततेची त्यांना दया आली असावी. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची कॅसेट पूर्ण पडद्याची दिसते. पट्ट्यावाली प्रत बघा कुठे मिळाली तर." आणि फोन ठेवला.

गुरुवारी सिनेमे भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार स्टुलावर बसून डिस्क पुसत होता. पट्ट्यावाली प्रत म्हटल्यावर त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"खरंच हवी? नंतर भांडायला येणार नाही ना? गेल्या वर्षी सहा जणांनी परत आणली. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, अर्धा टीव्ही फुकट गेला म्हणे. एक तर म्हणाला, भाडंही अर्धंच घ्या."

"पण पट्ट्या कशाला असतात?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. हा प्रश्न विचारणारा त्याला बऱ्याच वर्षांत भेटला नसावा. "थिएटरचा पडदा असतो बाकासारखा. लांब. त्यावर पाच माणसं ऐसपैस बसतात. तुमचा टीव्ही असतो हा असा, स्टुलासारखा. आता बाकावरची पाच माणसं स्टुलावर कशी बसवणार? एक तर सगळ्यांना बारीक करायचं, मग वरखाली जागा रिकामी राहते. त्या पट्ट्या. नाहीतर दोघांना ठेवायचं आणि तिघांना म्हणायचं, तुम्ही उठा. तो पूर्ण पडदा."

"पूर्ण? माणसं काढून टाकली तो पूर्ण?"

"पडदा पूर्ण. सिनेमा नाही."

"आणि कोणाला उठवायचं ते ठरवतं कोण?"

"असतो एक माणूस. यंत्रावर बसतो, चित्रावर एक चौकट धरतो आणि डावीउजवीकडे सरकवतो. प्रत्येक प्रसंगात ठरवतो, कोणाला ठेवायचं. सगळ्यांना एकदम ठेवता येत नाही ना. जो बोलतो त्याला ठेवतात."

"म्हणजे न बोलणारा—"

"गेला," दुकानदार म्हणाला.

त्याने डिस्क लावली. फळीवरच्या लहानशा टीव्हीवर, वर-खाली दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत, मी तो शेवटचा प्रसंग पहिल्यांदा पाहिला. पहिल्यांदाच म्हणायला हवं. टेबल दुप्पट लांब होतं. डावीकडे दार होतं. दारात तो उभा होता. थोरला भाऊ उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढतो, पण म्हातारा बसत नाही. आधी सावकाश जाऊन हातातली छत्री कोपऱ्यात ठेवतो. छत्री ठेवली म्हणजे राहणार! आणि उजवीकडे, एकवीस वर्षं मी जिच्या नाकावर चिंतन केलं ती बहीण, संपूर्ण चेहऱ्यानिशी, खदखदून हसत होती.

मी दुकानात स्टूल मागून घेतलं आणि बसलो. ज्याच्यावर मी अकरा लोकांना दीड तास बसवून बोललो, तो दिग्दर्शकाचा विचार नव्हता. ती जागेची टंचाई होती.

दुकानात काय पाहिलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. डिस्क भाड्याने आणली होती. ती चालवायचं यंत्र सर्वज्ञांकडे होतं, ते रविवारी सकाळी आणून जोडून द्यायचं त्यांनी कबूल केलं. मी चुकलो असं तोंडाने म्हणण्याऐवजी रविवारी सगळ्यांसमोर डिस्क लावायची आणि मोजणीसाहेबांकडे बघून नुसती मान झुकवायची, असं मी ठरवलं होतं. मान झुकवण्याची तालीमही केली. बायकोने विचारलं, मान आखडली का, तेल लावू का.

रविवारी सगळे आले. मोजणीसाहेब ह्या वेळी खोलीकडेही बघेनात. मागच्या खेपेला ते निदान माझ्याशी भांडत तरी होते; आता ते आपल्या मुलाला म्हणाले, "ह्या गृहस्थांना काय दाखवायचंय ते दाखवू दे." चहाला नको म्हणाले. लेक माझ्याकडे बघत होती. ती नजर मी तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली होती. तेव्हा निकाल तिचा होता.

सर्वज्ञ टीव्हीशेजारी उभे होते. मी पुढे झालो तसे माझ्या कानाशी लागले. "काळजी करू नका. सकाळी लावून पाहिली. नोकर आहे हो त्यात! पण ह्या रिमोटवर एक बटण आहे, दाबलं की पट्ट्या जातात आणि नोकरही जातो. दाबून ठेवलंय. तुमची इज्जत ती आपल्या जिन्याची इज्जत."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी प्रसंग सुरू केला. पडदा काठोकाठ भरला. सगळे थांबले, डावीकडे बघितलं. खुर्ची ओढली. नाक.

मोजणीसाहेब उठले. टीव्हीजवळ आले. डाव्या कडेवर बोट ठेवलं, जिथे हद्दीचा दगड असायला हवा होता आणि नव्हता. "नाही," ते म्हणाले. "नाहीये." आणि ते मला म्हणालेच नाहीत, मागे वळून बायकोला म्हणाले, "अगं, मग मी काय पाहिलं?"

त्यांनी मांडीवरची पर्स आणखी जवळ ओढली.

"लग्नाला दोन महिने झाले होते," ते आता कोणालाच उद्देशून नाही असं बोलत होते. "वडिलांशी भांडून बाहेर पडलो होतो. हिला घेऊन एका खोलीत राहायचो. हा सिनेमा पाहिला आणि थिएटरातून निघून सरळ घरी गेलो. दारात उभा राहिलो. वडिलांनी पाट..." ते थांबले. "बसायला दिलं. आता हा नोकर आलाच नसेल तर मी कोणाचं बघून परत गेलो?"

मी जिंकलो होतो. बरोबर असण्याचा असा दणदणीत प्रसंग माझ्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता आणि पुढेही येईलसं वाटत नाही. सर्वज्ञांनी मला डोळा मारला. भिंतीवरून 'असतं, बघायला, पुरतात' माझ्याकडे बघत होतं. आणि समोर एक मोठा माणूस स्वतःच्या दोन डोळ्यांवरचा विश्वास माझ्यामुळे गमावून उभा होता.

"साहेब," मी म्हणालो, "नोकर आहे. तुम्ही म्हणालात तसाच. दारात. छत्री घेऊन. मी गुरुवारी पाहिला. ह्या यंत्राने गिळलाय."

"अहो!" सर्वज्ञ म्हणाले.

"रिमोट द्या."

रिमोटवर चव्वेचाळीस बटणं होती. पहिल्याने सिनेमा कुठल्यातरी परक्या भाषेत बोलू लागला. दुसऱ्याने तो मागे पळाला, आणि नोकर पावसातून उलटा चालत घरात शिरला. "आला!" मुलगा ओरडला. "असा नाही," मी म्हणालो. तिसऱ्याने चित्र आणखी मोठं झालं आणि बहिणीचं नाक पडदाभर पसरलं. आमची ही दचकून मागे सरली. सर्वज्ञ म्हणत होते की ते बटण आता त्यांनाही आठवत नाही, आणि ते खरं बोलत होते की निष्ठेने वागत होते हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी लेकीने माझ्या हातातून रिमोट घेतला, एकदा पाहिला आणि एक बटण दाबलं. वर पट्टी आली. खाली पट्टी आली. आणि मधल्या फटीत, दुरुस्तीवाल्याच्या कृपेने आणखी बारीक झालेला, आगपेटीतल्या काडीएवढा नोकर दारात उभा राहिला.

मोजणीसाहेब वाकले. मीही वाकलो. आमची डोकी एकमेकांवर आपटली, पण त्याची दखल कोणी घेतली नाही.

"हा," ते म्हणाले.

"हाच," मी म्हणालो. "आता बघा. बसत नाही तो."

"आधी छत्री ठेवतो."

"कोपऱ्यात. म्हणजे राहणार."

"राहणार! मी हिला तेव्हाच म्हटलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कॅसेटमध्ये हा नव्हताच?"

"नव्हता."

"एकवीस वर्षं?"

"एकवीस वर्षं."

"अरेरेरे," मोजणीसाहेब म्हणाले आणि समाचाराला आलेल्या माणसासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण मग ते सगळे डावीकडे बघतात त्याचं तुम्ही काय करत होता?"

"त्यावर व्याख्यान दिलं."

ते हसले. आधी खांदा हलला, मग आवाज आला, मग चष्मा काढून पुसावा लागला. "पुन्हा लाव गं पोरी," ते आमच्या लेकीला म्हणाले. तिने लावलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी आम्ही जरा जास्त पुढे वाकत होतो, कारण काडीएवढ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव बघायचे तर काचेला नाक लावण्यावाचून इलाज नव्हता. तो जुन्या घराकडे कसा बघतो, हे ते मला दाखवत होते. थोरला खुर्ची किती मागे ओढतो, हे मी त्यांना. चौथ्यांदा छत्री कोपऱ्यात ठेवली जात असताना मागून एक आवाज आला. तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणून आधी कळेना कोणाचा. मुलाच्या आईने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली होती.

"अहो व्याही," त्या म्हणाल्या, "तुम्ही आणि हे जरा बाजूला सरकता का? आम्हाला मघापासून टीव्हीच दिसत नाहीये."